हात न लावण्याचा नेम

कुंभारवाड्याहून आम्ही निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणाऱ्या आप्पांच्या डोक्यावरचं गाठोडं तेवढं तरंगत चाललेलं दिसे. त्यात तांदूळ, नाचणीच्या भाकऱ्या आणि उकडलेले कंद होते, साऱ्या वाडीनं दिलेले. निघताना आई, आमची अव्वा, म्हणाली, "देवीनं धाडलंय तुला. मागं वळून बघू नको." मी वळून बघितलंच. माझी थोरली बहीण, आमची अक्का, खळ्याच्या कडेला उभी राहून हसत होती. मग धुक्यानं तिला हळूच आत घेतलं. लोंढ्याची आगगाडी, बेळगावची शाळा, मुंबईचं मेडिकल कॉलेज, पुढं लंडन, हे सगळं त्या धुक्यातच कुठंतरी घडलं असं मला अजून वाटतं.

सभांमधून माझी ओळख करून देतात ती अशी: जन्म बेळगावकडचा, शिक्षण मुंबईत, तीन वर्षं लंडनच्या इस्पितळात मज्जातंतूंच्या विकारांचा अभ्यास, फेफरं, अर्धांगवायू, कंपवात आणि जुनाट डोकेदुखी यांवर उपचार. यात खोटं फारसं नाही. फक्त सुरुवात गाळलेली आहे. ती आज लिहितो, घरी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही.

अक्काला वास यायचा. भर आषाढात, रानात सुरंगीचं एक फूल नसताना, ती हातातलं काम थांबवून म्हणायची, "सुरंगी फुललीया." नजर कुठंतरी लांब लागायची, ओठ हलायचे आणि ती पडायची. शुद्धीवर येताना काहीबाही पुटपुटायची. वाडीनं ठरवलं, देवी अंगात येते. पेरणी कधी धरायची, चुकलेली म्हैस कुठं शोधायची, लोक तिला कौल मागू लागले. पुटपुटणं कुणाला कळत नसे. मी तिच्या तोंडाशी कान नेई आणि लोकांना अर्थ सांगे. कळत मलाही नव्हतं.

सुप्याला मामाकडे राहून मी अक्षरं शिकून आलो होतो. पुढं शिकायचं होतं, आप्पा ऐकत नव्हते. एका कौलाला मी सांगून टाकलं, देवी म्हणते, धाकट्याला बेळगावला शाळेत धाडा. गावचा बुधवंत, म्हणजे आमच्यातला जाणता म्हातारा, पान चघळत म्हणाला, "देवीला बेळगाव कसं ठावं रं? ती तर सुप्याच्या पल्याड कधी गेली न्हाई."

"देवीला समदं ठावं असतंय, आज्जा."

"व्हय व्हय. उद्या सायबाच्या भाषेत बोलंल."

लोक हसले. पण अव्वानं हात जोडले, आणि तिचं बघून बाकीच्यांनी. मी मात्र घाबरलो होतो. पुढच्या खेपेला म्हातारा स्वतःच कान लावील. म्हणून त्याच बैठकीत मी देवीच्या नावानं एक नेम घालून दिला: देवी अंगात असताना अक्काला कुणी हात लावायचा नाही. ती आपण होऊन उठेपर्यंत लांब उभं राहायचं. मी गेल्यावर ती कुठल्या कुशीवर पडते यावरून लोक कौल घेऊ लागले. नेम तसाच राहिला.

लंडनच्या वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एक बाई सांगत होती, झटका येण्याआधी मला जळक्या पिसांचा वास येतो. मी भिंतीला टेकलो. बाहेर बर्फ पडत होतं आणि मला सुरंगी दिसत होती. फेफरं पुष्कळदा असं येतं, एखाद्या नसलेल्या वासाची वर्दी देऊन. मुंबईला परतलो तेव्हा माझ्या कपाटात फेफऱ्यावरच्या ब्रोमाइडच्या बाटल्या होत्या. घरी मी लुगडी धाडली, चष्मे धाडले. औषध धाडलं नाही. धाडलं असतं तर देवी नव्हती हे सांगावं लागलं असतं. आणि देवी नव्हती तर मला शाळेत धाडलं कुणी? उलट एका लेक्चरात 'डोंगरातली एक बाई' म्हणून मी तिची केस सांगितली. टाळ्या पडल्या.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, अक्का शेतात पालथी पडली. पाणी घोट्याएवढं होतं. आजूबाजूला बायका होत्या, पुरुष होते. ती गेल्याचं पत्र आप्पांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं, माझं समाधान व्हावं म्हणून: "समद्यांनी नेम पाळला. कुणी हात लावला न्हाई."

परसू, तू माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणून हे तुझ्या नावानं धाडतो. गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. तुझ्या लेकीला, गंगीला, श्रावणात सुरंगीचा वास येतो. देवी पुन्हा आपल्या घरी आली म्हणून वाडीत आनंद आहे. शेवटी तू लिहिलंस, "काका, काळजी नगं. तुमचा नेम आमी पाळतोय."

हे सारं देवळासमोर मोठ्यानं वाच. काही गाळू नकोस. देवी आहे की नाही, मी सांगू शकत नाही. पण अक्काच्या तोंडून ती कधी बोलली नाही. मी बोललो. बुधवंताच्या घरचं कुणी असेल तर त्यांना सांग, म्हातारा बरोबर होता.

सोबत गोळ्या आहेत, कशा द्यायच्या ते वेगळ्या चिठ्ठीत आहे. येत्या अमावास्येला मी लोंढ्याला उतरेन. बैलगाडी धाड. वाचून झाल्यावर कुणी धाडणार नसेल तर तेही बरोबर आहे. हळूहळू चालत येईन, वाट अजून पायांना आठवते. इतकी वर्षं घर म्हणजे मला धुक्यात हसत उभी राहिलेली अक्का, दिसणारी आणि हाताला न लागणारी. आता त्या घरात गंगी आहे. मी पोचायच्या आत ती म्हणाली, सुरंगी फुललीया, तर कौल मागू नकोस. विस्तवापासून, पाण्यापासून तिला दूर घे, कुशीवर वळव, आणि ती डोळे उघडेपर्यंत तिच्या पाठीवरचा हात काढू नकोस.