फाटकावरचा लाझार

स्तोयांकाशी माझं एकतीस वर्षांत कधी पटलं नाही, आणि हे मी बान्स्कोच्या कुठल्याही गल्लीत उभी राहून सांगेन. आमची फाटकं समोरासमोर. तिच्या चुलीचा धूर माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर, माझ्या छपरावरचा बर्फ तिच्या दारात. नाकावर माशी बसू न देणारी बाई. हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही दोघीही खोल्या देतो, पण ती उपकार केल्यासारख्या देते. आठनंतर उठणाऱ्याला तिच्याकडे नाश्ता नाही. ओल्या बुटांनी आत आलेल्या एका जर्मनाला तिने केरसुणी दाखवली होती.

तिचा नवरा लाझार सहा वर्षांपूर्वी गेला. तो होता तोवर त्यांची भांडणं चर्चपर्यंत ऐकू जायची. गेल्यापासून मात्र त्याचा काळ्या चौकटीतला कागद तिच्या फाटकावरून एक दिवसही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाच्या आठवणीचे तसे कागद आमच्याकडे सगळ्यांच्याच फाटकांवर असतात. आधी चाळीस दिवसांचा, मग सहा महिन्यांचा, मग दर वर्षाचा. वर फोटो आणि खाली 'घरची मंडळी'. बाकीच्यांचे कागद ऊनपावसाने विटतात. ही विटायच्या आत नवा छापून आणते.

"होता तेव्हा त्याला दाराबाहेर काढायचीस," मी एकदा म्हटलं. "आता दारावर चिकटवून ठेवलायस."

"आता उलट बोलत नाही ना," ती म्हणाली.

माझ्या फाटकावर माझा नवरा मेतोदी होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

गेल्या ऑक्टोबरात एजंट दिमो नॉर्मन नावाच्या एका इंग्रजाला घेऊन आला. त्याच्या क्लबातली माणसं नव्या वर्षापासून मार्चअखेरपर्यंत पाळीपाळीने यायची होती, आणि स्वस्तातलं ठिकाण हुडकत तो युरोपभर हिंडत होता. अँडोरा झालं, स्लोव्हेनिया झालं, सगळीकडचे भाव ऐकून नाक मुरडत स्वारी आमच्या गल्लीत पोचली. घर एकच घ्यायचं होतं. माझ्याकडे त्या हिवाळ्याची एकही खोली गेलेली नव्हती. आणखी एक हिवाळा तसा गेला असता तर घर विकून मला सोफियाला, लेकीच्या दोन खोल्यांत जावं लागलं असतं. तिच्या नवऱ्याला मी डोळ्यांसमोर नको असते.

नॉर्मनने आधी स्तोयांकाचं घर पाहिलं. गाद्या दाबून बघितल्या, नळ सोडून बघितले, सगळं पसंत. निघताना फाटकाशी लाझार समोर आला आणि तो थबकला. तो आणि दिमो इंग्रजीत काहीतरी बोलले.

"काकू, त्याला घर आवडलंय," दिमो म्हणाला. "भावही परवडतोय. फक्त हा कागद तेवढा काढा म्हणतो. सुट्टीवर आलेल्यांना दारात मेलेला माणूस बघवत नाही."

"दारात नाही मेला, अंथरुणात मेला. मधल्या खोलीत. तेही सांग त्याला."

दिमोने ते सांगितलं नाही. "मार्चपर्यंतच हो. नंतर परत लावा."

"स्वस्त हवंय ना त्याला? मग लाझारसकटच स्वस्त आहे. लाझार नको असेल तर म्हणावं स्वित्झर्लंडला जा." तिने त्यांना बाहेर घालवून फाटक आपटलं.

दिमो वळून माझ्याकडे बघायला लागला. उद्या सकाळी येतो म्हणाला.

संध्याकाळी मी पाव कापायची पातळ सुरी घेऊन फाटकाशी गेले. मेतोदी अलगद निघाला. जन्मात कुणाशी भांडला नव्हता, माझ्याशी काय भांडणार. त्याला टेबलक्लॉथच्या खणात ठेवलं. फाटकावर कागदाएवढा फिकट चौकोन उरला, त्यावर वाळक्या मिरच्यांची माळ टांगली. दुसऱ्या दिवशी नॉर्मनने माळेचा फोटो काढला आणि माझं घर घेतलं.

पाहुणे गेल्यावर स्तोयांका गल्लीत आली. "माझा भांडखोर होता, रायना. तुझा गरीब. गरिबाला कुणीही उठवतं."

"तुझं गिऱ्हाईक गेलं म्हणून जळतेस," मी म्हटलं. खरं तर मला तिचे केस धरावेसे वाटत होते.

जानेवारीत नॉर्मनची पहिली तुकडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला म्हणून बाहेर पडले, तर तिच्या फाटकावर लाझारच्या शेजारी मेतोदी. नवा कोरा कागद. फोटो तिच्या मुलाच्या लग्नातला, टाय बांधलेला. तो टाय मीच बांधला होता. खाली घरच्या मंडळींच्या जागी छापलं होतं, 'शेजारीण स्तोयांका'.

अंगाचा तिळपापड झाला. मी गल्ली ओलांडून कागदाचा कोपरा धरला, तेवढ्यात माझ्या फाटकातून नॉर्मन खांद्यावर स्की घेऊन बाहेर आला. त्याने दोन्ही फोटो पाहिले आणि बोटाने दाखवून विचारलं, हा दुसरा कोण?

स्तोयांका तिच्या दारात केरसुणी घेऊन उभी होती.

"माहीत नाही," मी इंग्रजीत म्हटलं आणि कोपरा सोडला.

तेवढं इंग्रजी गल्लीतल्या प्रत्येक घरमालकिणीला कळतं.

"ऐकलंस ना, मेतोदी," स्तोयांका कागदाला म्हणाली, आणि मी सैल केलेला कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला.