तिचं ते 'तू'
शेजारी सुका जवळा भाजला की मला तळवलीची घरमालकीण आठवते. मी मराठवाड्यातून आलेली नवी भाडेकरू, ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नळाला पाणी आलं की दारातून ओरडायची, "पानी आयलं गो, तू पयले भर!" ते 'तू' मला झोंबायचं. गावाकडे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही वरच्या आळीतले लोक एकेरीच बोलवायचे. मला वाटलं, हिलाही आमची जात कळली. मी बोलणं टाकलं. तिने वाटीभर जवळा पाठवला, तो तसाच परत केला. "काय चुकलं गो माझं?" तिने विचारलं, तर मी दार लावलं. पुढे तिचा सासरा अंथरुणाला खिळला. सगळी चाळ बघायला गेली, म्हणून मीही गेले. ती त्याला चमच्याने पेज पाजत होती. "बाबा, एवढी पी रे. तू नाय जेवलास तर मी पन नाय जेवनार." सासऱ्याला तू! आणि खोलीत कुणालाच त्याचं काही वाटलं नाही, सगळेच तसे बोलत होते. मी पुढे होऊन म्हाताऱ्याचं डोकं धरलं. "आयलीस गो?" ती एवढंच म्हणाली. माझ्या रुसव्याचं कारण मी तिला कधीच सांगितलं नाही, आणि आता ती नाही. आमच्या इमारतीत मला सगळे 'अहो आजी' म्हणतात आणि लिफ्टचं दार तोंडावर लावून घेतात.