पुरलेलं मोहाचं मडकं

पोर आता चालायला लागलंय, तरी वाटेवर खाकी कपडा दिसला की मी अजून दार ओढून घेते. का ते सांगते.

पोर सहा महिन्यांचं झालं होतं, त्याला पहिला गोड घास द्यायचा होता. आमच्या पाड्यावर तो मोहाचाच असतो. चैतात झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, वाळवायची, लागतील तशी उकळून पिळायची, तो रस दाट होईस्तोवर आटवायचा नि त्यात नागलीचं पीठ शिजवायचं. काळसर खीर होते, बोटाला चिकटून राहते. आम्ही काय दारू गाळणारे नाय. सासूनं नातवासाठी म्हणून एक मडकं भरून फुलं राखली होती.

त्यात माझा धाकटा दीर आला. तो जव्हारला कचेरीत पट्टेवाला. कागदाच्या पुडीत पांढरी साखर घेऊन आला.

"वयनी, पोराला ही द्या. मोह घरात ठेवू नका. महाराजांचं राज्य गेलं, आता मुंबईचा कायदा लागलाय, दारूबंदीचा. नुसती फुलं सापडली तरी धरून नेतात."

"फुलं खायची बी चोरी?" सासू म्हणाली. "नि ही तुझी साखर दिसते मिठावानी. मिठानं का नातवाचं तोंड गोड करू?"

दीर हसला, सासू हसली. मला हसू आलं नाय. धरून नेतात एवढंच डोक्यात राहिलं. मी तिसरीपर्यंत शिकले, मला कायदा काय कळतो, पण मोखाड्याच्या बाजारात एक बाई दोन पोलिसांच्या मधून चालताना मी पाहिली होती. तिच्या चोळीवर दूध पाझरलेलं. पोर कुणाकडं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सासू भाताच्या लावणीला गेली तशी मी मडकं उचललं नि गोठ्यामागं खड्डा करून पुरलं. वर पानं, वर शेण. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं, तेवढंच. झड लागलेली, पाणी आत जाईल हे सुचलंच नाय. भ्यालेल्या माणसाला काय सुचतं?

पाच दिवसांनी सासू म्हणाली, आज घास देऊ, फुलं काढ. मग सांगावंच लागलं. दोघींनी उकरलं. फडकं सोडलं तसा वास नाकात घुसला. फुलं फुगलेली, वर फेस, बुडबुडे येत होते.

"अगं बाय! या घरात आजवर कुणी दारू लावली नाय. तू शिकलेली आलीस नि लावलीस!"

तेवढ्यात शेजारीण धावत आली. "पोलीस आलाय गो! एकेक घर बघत येतोय!"

सासूनं मडकं उकिरड्यावर उपडं केलं, चुलीतली राख वर फेकली. मी पोराला छातीशी घेऊन दारात बसले, पाजत्या बाईला नेणार नाय असं वाटून. पण दूधच उतरेना. पोर रडायला लागलं.

पोलीस आला. पोक्त माणूस, नखशिखांत भिजलेला. घरातली मडकी हलवून बघितली, कणगीत काठी घातली, साखरेची पुडी उघडून चिमूटभर तोंडात टाकली. मग पाणी मागून ओट्यावर बसला. नि समोर उकिरड्यावरून आमच्या कोंबड्या येत होत्या. राख उकरून त्यांनी ती फुलं पोटभर खाल्ली होती. एक कोंबडी दोन पावलं टाकी नि बसे. कोंबडा कुडाला धडकला, तिथंच मान टाकून आरवायला लागला, ते बी अर्धंच.

"म्हातारे, कोंबड्यांना काय झालं?"

"मानमोडी आलीय दादा," सासूनं पापणी हलवली नाय. "रोगच तो. एखादी न्या हवी तर, उद्या तशी बी मरणारच."

त्यानं कोंबड्याकडं बघितलं. मग उकिरड्याकडं. मग माझ्याकडं, नि माझ्या तोंडून सगळं सुटलंच, "खीर करायची होती दादा, पोराला घास द्यायचाय, दारू नाय, देवाशपथ, मी भिऊन पुरलं नि भिजलं, मला नेलं तर हे कुणाचं दूध पिणार?"

सासूनं कपाळावर हात मारला.

तो उठला. टोपी घातली.

"मी रोगाचं विचारलं, खिरीचं नाय. म्हातारे, पुढल्या खेपेला रोग सुका ठेव. माझ्या मागनं दुसरा कोण येईल, तो ओट्यावर बसून कोंबड्या बघायचा नाय."

तो गेला. सासूनं चुलीवरच्या शिंक्यातल्या बियाण्याच्या गाडग्यातून मूठभर फुलं काढली. सुकी, खडखडीत. मला न सांगता बाजूला ठेवलेली. मी नको नको म्हणत होते तरी तिनं खीर रांधली. मी दार लावून घेतलं, फटीत गोणपाट कोंबलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

बोटभर खीर पोराच्या जिभेवर ठेवली. त्यानं बोट धरून चोखलं, सोडेना.

"बघ गं, कसा चाटतो!" सासू म्हणाली.

मी बघितलं नाय. माझे कान वाटेकडं होते.