पायरीच्या खालचा मानूस

"बटनं लावू नकोस. उघडाच राहू दे शर्ट. तसं बरं दिसतं."

पोट्ट्याइनं शिकून पुढं काय व्हाचं ते सांगाले येनारे मार्गदर्शनाचे साहेब मले शाळेच्या मांगं घेऊन गेले अन् हळूच बोलले. मी घरून बटनं लावून गेल्तो. एक तुटलं होतं, तिथी बायकोनं पिन लावून देल्ती. साहेबानं ती पिनबी काढाले लावली. मंग माह्याच हातातली पळसाच्या पानाची टोपी माह्या डोक्यावर ठेवली, मले पटांगनात आनलं अन् माईक घेतला.

"मुलांनो, याच्याकडे नीट पाहा. शिकलं नाही, तर असं होतं."

पोट्टे हसले. मास्तर हसले. मीबी हसलो. नुसता हसलो असतो तं एक गोष्ट होती. मी वांदरासारखं बगलेत खाजवलं. मंग तं पोट्टे लोळलेच. साहेब खुश. मलेबी वाटलं, आज रंगलं बापा.

समोरच्या रांगेत माही पोरगी बसली होती, करिश्मा. पहिलीत होती तवा. टाळ्या वाजवून बाजूच्या पोट्टीले सांगून राह्यली होती, "माहा बा होय तो! माहा बा!"

आता मी कोन? सांगासारखं काई नाई. जंगलाच्या काठाचं गाव. मोहफुलं येचतो, तेंदूपत्ता तोडतो, धान कापाले जातो. शाळेत गेलो नाई असं कसं म्हनू? गेलो ना. वरून गेलो. छपरावरचे कवेलू फेरावाले. खाली पोट्टे पाढे म्हनत होते अन् मी छपराच्या भोकातून पाहून राह्यलो होतो. भोक बुजवलं, तिथीच माही शाळा संपली.

दिवाळी झाली का आमच्या गावात दंडार होते. गानं, नाच, ढोलकी, सोंगं. त्यात हसवाचं काम माह्याकडं. पळसाच्या पानाची टोपी घालतो अन् सोताले शिव्या देतो. दुसऱ्याले देल्या तं मार पडते, सोताले देल्या तं टाळ्या पडते. हे गनित मले शाळेबिगर समजलं.

दंडारीतली एक रीत आहे आमच्या गावची. टोपी डोक्यावर आहे तोवर मी काईबी बोलो, पाटलाले बोलो, कोनी राग मानत नाई. पन टोपी काढून ढोलकीवर ठेवली का सारे चूप. तवा जे बोलनं निघते ते सोंगाचं नाई, खरं. कोन्या घरचं दुख सांगाचं असन, कोनाचं वाईट झालं असन, तं ते असं सांगते. टोपी खाली असली का गावातलं लहान पोट्टंबी हसत नाई. हे कोनी कोनाले शिकवलं नाई. साऱ्याइले येते.

साहेबानं माही दंडार पाह्यली. टोपी डोक्यावर होती तितकीच पाह्यली. अन् मले पकडलं.

शाळेच्या भिंतीवर त्याइनं रंगानं पायऱ्या काढून घेतल्या होत्या. खालच्या पायरीवर पहिलीचा पोट्टा, मंग चढत चढत दहावी, अन् पार वर टाय घातलेला मानूस. "पहिली ते दहावीचं नियोजन आहे हे," साहेब म्हनत. "चौथीपर्यंत ओळख, आठवीपर्यंत आवड, त्यानंतर निवड." ऐकून ऐकून मले पाठ झालं. जिंदगीत तितकंच पाठ झालं. मले ते भिंतीजवळ उभं करत, खालच्या पायरीच्याबी खाली. तिथी आधी गावचं एक कुत्रं बसे. मी जाऊन उभा राह्यलो का ते उठून जाए. त्यालेबी इज्जत होती.

नियोजनात माही जागा पक्की. लहान्याइले भेव दाखवाले मी. मधल्याइले हसवाले मी. मोठ्याइले लाजवाले मी. बदल्यात प्लेटभर पोहे अन् चहा. पोह्यात शेंगदाने दिसले का मी जास्तीचं वांदर होवो.

करिश्मा सहावीत गेली. आता तिच्या वर्गाचं आवडीचं चालू होतं. साहेबानं दोरीवर चित्रं टांगली. डॉक्टर, पोलीस, मास्तरीन, ड्रायव्हर. अन् दोरीच्या शेवटी मी, जित्ता.

"आणि याच्यासारखं कोणाला व्हायचंय?"

"नाईईई!" सारे पोट्टे वरडले.

मांगून एक पोट्टा बोलला, "करिश्मा होईन जी! तिचा बाच होय थो!"

मले लय हसू आलं. करिश्मा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. टाळी नाई वाजवली तिनं. घरी जाऊन मी बायकोले म्हनलं, "पोरगी मोठी झाली वं. लाजते आता."

बायको तांदूळ निवडून राह्यली होती. मान वर नाई केली. म्हनली, "लाजत नाई थे. मरते."

मले तोबी जोकच वाटला.

एकदा साहेबानं मले जीपमधी बसवलं अन् आरमोरीच्या एका मोठ्या शाळेत नेलं. जीपमधी बसाले भेटते म्हनून मी साबन लावून आंघोळ केल्ती. साहेब नाराज. "अरे, आज कशाला अंघोळ केलीस?" म्हनले. तिथीबी तसाच माईक, तेच साहेब. पन बोलनं दुसरं. तिथल्या पोट्ट्याइले ते विचारत, "तुझं स्वप्न काय? अरे, मोठं सांग. आणखी मोठं!" एक पोट्टा इमान चालवतो म्हनला तं साहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्या शाळेत साहेबाचं एकच होतं, "झेपेल तेवढंच धरा रे." मी टोपी घालून बाजूले उभा होतो, माहा नंबर येन म्हनून. डोक्यात एक काटा रुतला. नंबर आला, बगलेत खाजवलं, पोहे खाल्ले. काटा तसाच राह्यला.

करिश्मा नववीत होती त्या पावसाळ्यात आमच्या बकऱ्याइले हगवन लागली. नाल्याले पूर. जनावराचा डॉक्टर येईन, येईन म्हनता आलाच नाई. गाभन बकरीचं डोस्कं मांडीवर घेऊन पोरगी बसून राह्यली. बकरी मेली तरी डोस्कं खाली नाई ठेवलं तिनं. मायनं काढून घेतलं. तवापासून तिनं एकच धरलं, "बा, मी ढोराची डॉक्टर होतो."

मी म्हनलं, "होय ना. पहिले मलेच तपास."

हिवाळ्यात साहेब आले. आता निवडीचं चालू होतं. एकेकाले उभं करून विचारत. कोनी पोलीस म्हने, कोनी काई म्हनत नोयतं. करिश्मा उभी राह्यली. आवाज बारीक, पन साफ बोलली.

"मी सायन्स घेतो जी. जनावराची डॉक्टर होतो."

साहेबानं तिच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं. मी आपल्या जाग्यावर, पायरीच्या खाली.

"अगं, तुमच्यासाठी हॉटेलचा कोर्स आणलाय आपण. खोल्या आवरायच्या, चादरी घालायच्या. शहरात राहायला मिळतं. ते सोडून ढोरांची डॉक्टर?" अन् माईक माह्या तोंडापुढं धरला. "काय रे बापा, तुझं काय म्हणणं?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. ते पाहनं मले आताबी दिसते. तिले वाटलं असन, बा आज तरी मानसासारखं बोलन. अन् माह्या तोंडातून निघालं,

"होऊ द्या जी. घरात एक ढोर आहेच. फुकटात इलाज होईन."

पटांगन फुटलं. साहेब डोये पुसून राह्यले होते. मास्तरीन बाईनं तोंडाले पदर लावला. करिश्मा बसली. तिले कोनी बस म्हनलं नाई. आपनच बसली.

घरी ती चुलीपुढं भात पाहून राह्यली होती. मले पाठ करून बोलली, "बा, तुले वाटते ते तुले हसते. ते तुले नाई हसत. मले हसते."

मी चुलीत लाकूड सारलं.

"मी हॉटेलात जातो," ती म्हनली. "तिथी कोनी काई बोललं तं हसून घेईन. ते शिकली मी. घरातच शिकली."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं हॉटेलले हो म्हनलं. मी आंगनात बसून होतो. जिंदगीत पहिल्यांदा मले जोक सुचला नाई. लय शोधला. नाई सुचला.

ती दहावीत गेली अन् पालकाची सभा लागली. हॉटेलच्या कोर्सले जानाऱ्या पोरीइचा सत्कार होता. साहेबाचा निरोप आला, टोपी घेऊन ये, बाप म्हनून दोन शब्द बोल, सभा हसती ठेव. मी गेलो. शाळेच्या मांगं साहेब म्हनले, "बटनं." मी काढली. पिनबी काढली. सवय आहे ना. हात आपनच जाते.

सारं गाव होतं. स्वागताच्या गान्यासाठी टेबलाजवळ ढोलकी ठेवली होती. पोरी रांगेनं उभ्या, करिश्मा शेवटी. साहेबानं माईक देला, "चला, आता आपले कलाकार!"

मी बगलेकडं हात नेला. पोट्टे हसाले तयारच. शेवटी उभी असलेली करिश्माबी हसून राह्यली होती. माह्यासारखी. तोंडानं हसत होती, डोये तिथी नोयते. ते हसनं माहं होतं. मी रोज घालून फिरतो ते.

मी टोपी काढली. ढोलकीवर ठेवली.

पटांगन चूप. म्हाताऱ्याइनं बिड्या इजवल्या. मांगं खेळनारे लहान पोट्टे मांडी घालून बसले. हेडमास्तर आमच्याच भागातले, त्याइनं मान खाली घातली. एकटे साहेब हसून राह्यले होते. त्याइले वाटलं, आता मोठा जोक येते. त्याइचं हसनं साऱ्या पटांगनात एकटंच फिरत होतं अन् त्याइले समजतबी नोयतं का एकटंच आहे.

मी एकेक बटन लावलं. तुटलेल्या जाग्यावर हातानं धरलं.

"साहेब, मी शिकलो नाई म्हनून असा नाई दिसत. घरून मी बटनं लावून येतो. तुमी काढाले लावता म्हनून असा दिसतो. पहिलीच्या पोट्ट्याइले तुमी माह्या उघड्या छातीचं भेव दाखवलं. आरमोरीच्या पोट्ट्याइले स्वप्न विचारलं, आमच्याइले चादरी देल्या. माही पोरगी चादरी घालाले नाई जात."

साहेबाचं हसनं तवा थांबलं. "अरे, सिरियस काय झालास? टोपी घाल." मंग आवाज चढला. "तुमच्या भल्यासाठीच करतोय ना आम्ही हे सगळं?"

"मालूम आहे जी. लय वर्ष झाले पाहून राह्यलो तुमचं भलं. खालून सारंच दिसते."

कोनी हसलं नाई. टोपी ढोलकीवर होती.

पोहे तसेच ठेवून निघालो. खोटं काऊन बोलू, प्लेटीकडं एकदा पाह्यलं. शेंगदाने होते.

करिश्मा मांगून येत होती. मले वाटलं, खुश असन. जवळ आली अन् म्हनली, "साऱ्या गावापुढं सांगतलं, पोरगी जात नाई म्हनून. मले विचारलं का तुनं?"

मी रस्त्यातच थांबलो. साहेब विचारत होते अन् ऐकत नोयते. मी तं विचारलंबी नोयतं. बाप होऊन.

"तुले काय कराचं आहे?" विचारलं.

तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मंग म्हनली, "ढोराची डॉक्टर. अन् तू हसू नको."

"नाई हसत."

आता ती आरमोरीले अकरावीत आहे. सायन्स. पहिल्या चाचनीत नापास झाली. हो, झाली. मी गोड सांगाले नाई बसलो. पुस्तक इंग्रजीत आहे अन् आमच्या शाळेत तिले इंग्रजी कमी, पायऱ्या जास्त शिकवल्या. पहाटेच्या बसनं जाते, अंधार पडता घरी येते, पडून राहते, मंग उठून पुस्तक उघडते. डॉक्टर होईन का नाई, मले नाई मालूम. तिलेबी नाई मालूम. मी बाजूले बसतो अन् गंमत करत नाई. मले लय जड जाते ते.

पायऱ्या भिंतीवर तशाच आहे. साहेबबी तेच आहे. या वर्षी त्याइनं गावाबाहेरच्या टोलीवरच्या एका म्हाताऱ्याले माह्या जागी उभं राहाले सांगून ठेवलं आहे. मी त्याच्या घरी गेलो. म्हनलं, "जाऊ नको गा."

"पोहे देते ना," तो म्हनला.

"मालूम आहे. मी खाल्ले ते. अजून पचले नाई."

तो जाईन. मीबी जाईन. बटनं लावून जाईन. तुटलेल्या जाग्यावर बायकोनं आता नवं बटन शिवलं आहे. म्हाताऱ्याले पायरीच्या खाली उभं केलं का मी त्याच्या बाजूले उभा राहीन, अन् त्याच्या डोक्यावरची टोपी काढून ढोलकीवर ठेवीन. ढोलकी नसली तं जमिनीवर ठेवीन. दरसाल ठेवीन. आमच्यातला कोनी हसनार नाई. साहेबाले हसाचं असन तं एकट्यानं हसा लागन.