ओतिलियाची सोलपटांची कमान

ओतिलिया मावशीशी वाद घालायचा नाही, हे आमच्या आतेम्पा गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. ती माझ्या आईची थोरली बहीण. उंची बेताची, खांदे हमालासारखे, आणि ‘बघू’ हा शब्द तिला कधी आलाच नाही. करायचं असेल तर ‘करते’, नसेल तर ‘नाही’. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, “सवड झाली नाही.”

ऐन तरुणपणी ती डोंगराखालच्या शहरात स्टार्चच्या कारखान्यात लागली आणि बरीच वर्षं तिथंच राहिली. आम्ही मका चुन्याच्या पाण्यात उकडणारी, दळणारी आणि खाणारी माणसं. आमच्यासाठी मका म्हणजे तोर्तियाची भाकरी, नाहीतर सकाळी प्यायची गरम पेज. कारखान्यात तिनं मक्याची दुसरीच दुनिया पाहिली. तिथं त्याचं पांढरंफेक पीठ निघायचं, तेल निघायचं, मधासारखा पाक निघायचा आणि सगळं ट्रकांत भरून देशभर जायचं. सुट्टीत घरी आली की ती समोर दिसेल त्याला पकडायची.

एकदा एर्मेलिंदो तिच्या तावडीत सापडला. गावातला हा बडा शेतकरी, तिच्याच वयाचा, बैलांचा शौकीन आणि जिभेचा तिखट.

“हा तुझा कडक शर्ट बघ, त्याला मक्याची खळ आहे,” मावशी म्हणाली. “तू डोकेदुखीवर गोळी खातोस ना, ती मक्याच्या पिठानं बांधलेली असते. आणि त्या गोळ्यांचं खोकं चिकटवलंय तेही मक्यानंच.”

“मग तुझ्या कारखान्यात मक्याची बायको मिळते का बघ. एक मला आण.”

“मिळते की. पण ती तुझ्यासारख्या खडकाळ रानात रुजत नाही.”

चावडीवरची माणसं आठवडाभर हसत होती.

पुढं कारखान्यात नवी यंत्रं आली आणि बायकांची गरज संपली. मावशी एक ट्रंक आणि रंगाच्या चार पुड्या घेऊन गावी परतली. रडली वगैरे नाही. आल्या आल्या तिनं आईच्या परसातली मक्याची सोलपटं गोळा केली. कणसावरची ही पानं वाळली की कागदासारखी होतात. आमच्याकडं कणसातलं काही वाया जात नाही. दाणे काढलेली कणसं चुलीत जातात, धाटांचं कुंपण होतं, शेंड्यांच्या केसांचा काढा लघवीच्या जळजळीवर देतात. सोलपटात सारण भरलेलं मक्याचं पीठ गुंडाळून वाफवलं की तामाल होतो, आणि उरलेली सोलपटं बैल खातात. मावशीनं ती भिजवली, रंगवली, कात्रीनं कापली आणि त्यांची फुलं केली. डेलिया, झेंडू, लिली. हात लावल्याशिवाय खरं-खोटं कळायचं नाही.

“मेलेल्यांना बरी आहेत वाळकी फुलं,” एर्मेलिंदो म्हणायचा. “जित्यांना ताजी लागतात.”

त्याचं म्हणणं गावाला पटत होतं. मावशीचे हार दफनभूमीत जायचे, देवळात नाही.

मग ते गारांचं वर्ष आलं. मे महिन्यात आमच्या सान इसिद्रोचा सण असतो. हा सांत, म्हणजे संत, शेतकऱ्यांचा. त्या दिवशी बैलजोड्या सजवून देवळापुढं आशीर्वादाला आणतात आणि देवळाच्या दारावर ताज्या फुलांची मोठी कमान उभारतात. कमानीचं काम पुरुषांच्या मंडळाचं, आणि त्या वर्षी सणाचा यजमान, म्हणजे ज्याच्या घरी सांताची मूर्ती असते तो, होता एर्मेलिंदो. सणाला आठवडा उरला असताना गारा कोसळल्या. पाकळी म्हणून कुठं राहिली नाही. आजूबाजूच्या गावांचीही तीच गत.

मंडळाची बैठक बसली. कुणी कागदाची फुलं म्हणालं, कुणी म्हणालं, यंदा कमानच नको. बायका मागं उभ्या होत्या. त्यांच्यातून मावशी पुढं आली.

“कमान मी करते.”

“वाळक्या फुलांची?” एर्मेलिंदोनं विचारलं.

“सान इसिद्रो मका पिकवायचा की गुलाब?”

एर्मेलिंदोनं टोपी खाली-वर केली आणि म्हणाला, “कर बाई. पण फजिती झाली तर नाव तुझं.”

“आणि झकास झाली तरीही माझंच,” मावशी म्हणाली.

तो आठवडा आमच्या घरात चालायला वाट नव्हती. मावशीनं निम्म्या गावाला कामाला लावलं. परसात रंगाची पातेली उकळत होती, चुलीवर मक्याच्या पिठाची खळ रटरटत होती. माझी बोटं किरमिजी झाली होती. सणाच्या आदल्या संध्याकाळी कमान उभी राहिली. दोन्ही बाजूंना जाड खांब, वर सूर्य, मधोमध औत धरलेला सांत, आणि सगळं सोलपटांचं. एर्मेलिंदो खाली उभा राहून बघत होता. मग त्यानं टोपी काढली.

सकाळी सारं गाव वाजतगाजत एर्मेलिंदोच्या घरी सांताची मूर्ती आणायला गेलं. बैलजोड्या देवळाच्या अंगणात बांधून ठेवल्या होत्या. परत येताना वळणावर आधी बँडचा कर्णा थांबला, मग ढोल, मग सगळेच. एर्मेलिंदोची जोडी दावं सोडवून कमानीपाशी पोचली होती. बाकीच्या बैलांनीही त्यांचं पाहून हिसके दिले होते. बैलाचं तोंड पोचेल तिथवर दोन्ही खांब साफ. उघड्या काठ्या दिसत होत्या. एका बैलाच्या ओठातून निळा डेलिया लोंबत होता आणि तो शांतपणे रवंथ करत होता.

कुणीतरी फिस्सकन हसलं. एर्मेलिंदोचा चेहरा पडला. “पांढरी चादर गुंडाळू,” तो पुटपुटला. “वरचं तर शाबूत आहे.”

“चादर मढ्याला गुंडाळतात,” मावशी म्हणाली आणि तरातरा निघाली ती थेट सामुदायिक स्वयंपाकघरात.

तिथं ब्राउलिया राज्य करत होती. गावजेवण तिच्या हातचं, आणि तिच्यापुढं फादरसुद्धा हळू बोलत. मोठमोठ्या हंड्यांत तामाल शिजून तयार होते, गावातली उरलीसुरली सोलपटं त्यांनाच गुंडाळलेली.

“ब्राउलिया, मला सोलपटं दे.”

“घे की. प्रत्येकात एक तामाल आहे.”

“मला आत्ता हवीत.”

“मग बस इथं आणि आधी सगळे तामाल खाऊन संपव!” ब्राउलियानं डाव उगारला.

मावशीनं एका हंड्याचं झाकण उचललं. “ब्राउलिया,” ती म्हणाली, “तू सोन्यासारखं बोललीस. खाऊया.”

“अगं, मिस्सेआधी?”

“मिस्सेआधी.”

फादर धावत आले. आधी मिस्सेची प्रार्थना, मग जेवण, हा शिरस्ता आहे, असं त्यांनी बजावलं.

“फादर, सांत नांगरणारा माणूस होता,” मावशी म्हणाली. “उपाशीपोटी त्यानं औत धरलं असतं का? आणि मिस्सेआधी एक तासाचाच उपास सांगितलाय ना? आम्ही दोन तास पाळतो.”

फादरांनी हंड्यांकडं पाहिलं. हिरव्या मिरचीचा वास त्यांच्याही नाकात शिरला असावा. “दुपारी बारा,” ते म्हणाले. “एक मिनिट उशीर चालणार नाही.”

मग असं जेवण झालं की बस्स. बँडवाले, म्हातारे, दुसऱ्या गावचे पाहुणे, सगळे उभ्याउभ्या खात होते, आणि तोंडातला घास संपायच्या आत कुणी ना कुणी हातातलं सोलपट ओढून घेत होतं. दगडी हौदात ती गरम पाण्यानं धुतली. तूपकट राहिली ती राहिली. मावशी फुलं वळत होती, आम्ही बांधत होतो. एर्मेलिंदो गुडघ्यावर बसून खांबाला फुलं बांधत होता. त्याच्या जाड बोटांना गाठ जमेना.

“ओतिलिया, यांना रंग नाही गं,” तो म्हणाला.

“आहे. नीट बघ.”

होता खरा. सायीसारख्या पांढऱ्या पाकळ्यांवर मिरचीच्या रश्शाचे लाल-हिरवे डाग पडले होते. शेवटी ब्राउलियानं स्वतः येऊन खालच्या फुलांवर झणझणीत मिरचीचं पाणी शिंपडलं. एका बैलानं येऊन हुंगलं, फुर्र केलं आणि मागं सरला. बाराची घंटा झाली तेव्हा सांत कमानीखालून आत गेला.

मिस्सा संपल्यावर एर्मेलिंदो सगळ्यांसमोर मावशीपाशी आला. “बैल माझे,” तो म्हणाला, “चूक माझी. नाव तुझं झालं.”

“तुझ्या बैलांना चव कळते,” मावशी म्हणाली. तिच्या तोंडून त्याच्याबद्दल एवढं गोड मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या वर्षी मंडळ कमान सांगायला घरी आलं. मावशी म्हणाली, “करते. पण यजमानपद मला द्या.” आजवर कुणा बाईला ते मिळालं नव्हतं. मंडळी कुरकुरली. बैठकीत पहिला हात वर गेला तो एर्मेलिंदोचा, आणि मग बाकीचे आपसूक वर आले.

सणाच्या दिवशी यजमानाच्या मानाची सांताची काठी हातात धरून ती मिरवणुकीच्या पुढं चालली. मी तिच्या शेजारी होते. “मावशी, भीती वाटते का गं?” मी हळूच विचारलं.

“भीती कसली? बूट चावतायत,” ती म्हणाली. पण देवळाच्या पायऱ्या येईस्तोवर तिनं माझा हात सोडला नाही.

आता तिनं सत्तरी ओलांडलीय. आसपासच्या गावांच्या कमानी तिच्या अंगणात तयार होतात, सात-आठ बायका तिच्या हाताखाली आहेत. आमच्या गावात अजूनही आधी तामाल, मग मिस्सा. नवे फादर आले की विचारतात, ही उलटी रीत कुणाची? मग कुणीतरी त्यांना मावशीच्या घराची वाट दाखवतं.