पडद्यावरची चौथी ताई

७ नोव्हेंबर २०१५ हा दिवस शनिवार होता. कोणत्याही दिनदर्शिकेत हे पडताळता येते. त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात एका बहिणीने आपल्या भावाला ओळखले. हे पडताळायला मात्र माणसांच्या आठवणींखेरीज काही हाती नाही.

ताई पुढच्या खोलीत बसे. दुकानांतून आलेले नंबर संगणकात भरणे हे तिचे काम. तिचा धाकटा भाऊ भिंतीपलीकडे, यंत्रांच्या खोलीत, त्याच नंबरांप्रमाणे काचा घासून चौकटीत बसवी. दोघे एका घरातून निघत, एका बसने येत, आणि उन्हाळ्यापासून एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. कारण एक परत आलेला चष्मा. तिरप्या नंबराची काच ज्या कोनात बसवायची त्याला तिथे अ‍ॅक्सिस म्हणतात. त्या चष्म्यात उभ्याचे आडवे झाले होते.

"तू चुकीचा भरलास," तो म्हणाला.

"तू चुकीचा लावलास," ती म्हणाली.

मालकांनी दोघांनाही झापले आणि विषय संपवला. घरी तो संपला नाही.

"आई, त्याला सांग, मिठाची बरणी इकडे सरकव."

"आई, तिला सांग, तिचा हात पुरतो."

"मी काय टपालखातं उघडलंय का रे?" आई म्हणे, आणि बरणी स्वतःच सरकवी.

ताईला रणगाड्यांच्या एका खेळाचे भारी वेड होते. कारखान्याच्या संगणकांवर नवे काही बसवायला सक्त मनाई. म्हणून तिने अख्खा खेळ एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवला होता. ड्राइव्ह खोचायचा, खेळ तिथूनच चालवायचा, सुट्टी संपली की काढून पर्समध्ये टाकायचा. संगणकाला त्याचा गंधही लागत नसे. सगळे संगणक तारांनी एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कुणीही कुणावर तोफ डागू शके. पाहता पाहता हिशेबनीस आणि पार्सल बांधणाऱ्या काकू यांनाही चटक लागली. दोघांनी तिच्या ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल करून घेतली.

गंमत झाली ती इथेच. खेळाडूचे नावही त्याच ड्राइव्हमध्ये साठवलेले होते, त्यामुळे नक्कल झाली ती नावासकट. पडद्यावर तीन रणगाडे फिरू लागले आणि तिन्हींच्या डोक्यावर एकच पाटी: ताई.

"मला कुणी मारलं?" काकू ओरडत.

"ताईनं," हिशेबनीस गंभीरपणे सांगत.

"कुठल्या?"

"ते ऑडिटमध्ये निघेल."

नाव बदलणे सोपे होते. ताईने ते दाखवलेही. "राहू दे गं," काकू म्हणाल्या, "तेवढंच वय उतरल्यासारखं वाटतं."

मग एके दिवशी पडद्यावर चौथी ताई आली.

पुढच्या खोलीत संगणक तीनच होते. चौथा यंत्रांच्या खोलीत, आणि सुट्टीत तिथे दोघे असत: म्हातारे मिस्त्री आणि धाकटा. यांतला कोण, हे विचारायला तोंड उघडावे लागले असते. ताईचा अभिमान तेवढा लवचीक नव्हता. पण मिस्त्री नसावेत, असे तिला मनापासून वाटत होते. चौथी ताई खेळायची अगदीच कच्ची. ती समोर आली की ताईची तोफ दुसरीकडे वळे.

"तिला का सोडतेस गं दर वेळी?" काकूंनी विचारले.

"नवीन आहे बिचारी."

त्या शनिवारी चौथी ताई एका पडक्या भिंतीमागे कोपऱ्यात दडून बसली. तिला कुणी शोधत नव्हते. थोडा वेळ गेला, आणि कोपऱ्यातून एक तोफगोळा उगाचच भिंतीवर फुटला.

ताईचा हात थबकला. लहानपणी लपाछपीत धाकटा नेमका दाराआड लपायचा, श्वास कोंडून धरायचा, आणि कुणी लवकर आले नाही की स्वतःच दारावर टकटक करायचा. आपल्याला सगळे विसरले की काय, याची त्याला भीती वाटे.

तिने खेळातल्या निरोपाच्या चौकटीत लिहिले: "धाकट्या, दिसलास. बाहेर ये."

उत्तर आले: "कोण धाकटा? मी ताई."

"ताई मी आहे."

"कशावरून?"

ती उठली आणि यंत्रांच्या खोलीचे दार ढकलून आत गेली. मिस्त्री पेंगत होते. संगणकापुढे धाकटा, कान लालबुंद झालेले.

"नव्वदच होता," मागे न वळता तो म्हणाला.

"एकशे ऐंशी."

"नव्वद."

"बरं, सरक. डबा खाल्लास का?"

"आईला सांग, खाल्ला म्हणून," तो बोलून गेला, आणि त्याचे त्यालाच हसू फुटले. मग तिलाही.

पलीकडून काकूंची आरोळी आली, "मेली! अहो, कुठली ताई मेली?"

"खरी," हिशेबनीस म्हणाले.

त्या संध्याकाळी मिठाची बरणी मध्यस्थाविना सरकली, असे आई सांगते.

अ‍ॅक्सिस नव्वद होता की एकशे ऐंशी, हे आजवर ठरलेले नाही. दोघे त्यावर अजून भांडतात, पण थेट. चौथा पेन ड्राइव्ह आपल्याला डब्याच्या पिशवीत सापडला, असे धाकटा म्हणतो. पिशवी आई भरते. तिला ड्राइव्हची नक्कल करता येत नाही. हिशेबनीस आणि काकू कानांवर हात ठेवतात. तो ड्राइव्ह पिशवीत कुणी ठेवला, हे अद्याप अज्ञात आहे.