घसरत्या सीटचा बंदोबस्त

आयुष्यात मी एकच गाडी मोडली, आणि तीही दुरुस्त करून!

आमची जुनी पद्मिनी. दुधी रंग, गिअर स्टिअरिंगलाच, आणि पुढे दोघांत मिळून एकच सलग सीट. रेक्झिन असं गुळगुळीत की माशीसुद्धा घसरावी! नाशकातल्या आमच्या घरात अकरा माणसं. सासूबाईंसमोर नवऱ्याच्या शेजारी बसायची सोय नव्हती (बोलायचं झालं तरी भिंतीकडे बघून!). म्हणून रविवारी आम्ही दोघं भाजी आणायला जायचो. बाजार पाच मिनिटांवर. हे मात्र गाडी गंगापूर धरणावरून फिरवून आणायचे. आणि दर डाव्या वळणाला मी घसरत थेट ह्यांच्या खांद्यावर!

"अहो, हळू घ्या की! घसरतेय मी!"

"सीटच तशी आहे, मी काय करू?"

मला ते पटायचं. (तेव्हा मला बरंच काही पटायचं.)

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. हे महिनाभर ट्रेनिंगला भोपाळला गेले, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. ह्यांना चकित करायचं! नाशकातच द्वारका चौकाजवळ मालेगावच्या रशीदमिस्त्रींचं गॅरेज होतं. गाडी त्यांच्या हवाली केली.

"भाभी, नवं इंजिन टाकतो. चांदवडचा घाट तिसऱ्या गिअरवर चढेल, देखना!"

"चढू दे हो. आधी ती सीट काढा. घसरून घसरून कंबर गेली माझी!"

"दोन अलग सीटा लावू. बीच में गिअर. वर पट्टा. इंचभर हललात तर नाव बदलीन!"

मग मला चेवच चढला. लालभडक रंग. दोन्ही अंगांना पिवळ्या ज्वाळा. रुंद टायर. मागे पंख. रिव्हर्सला आरतीची धून! सासूबाईंनी गाडीला प्रदक्षिणा घातली. म्हणाल्या, "सूनबाई, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या!"

हे भोपाळहून आले, त्याच गाडीच्या बॉनेटवर बॅग ठेवली आणि विचारलं, "आपली गाडी कुठंय?"

रविवारी निघालो. गाडी कसली, बाणच! धरणाच्या रस्त्याला ते डावं वळण आलं. ह्यांनी नेहमीसारखं जोरात घेतलं. मी पट्ट्यात, खिळा ठोकल्यासारखी. मध्ये तो ताठ गिअर, पाहुण्यासारखा बसलेला.

"बघा! तसूभर हलले नाही!" मी छाती फुगवून म्हणाले.

ह्यांनी तिथूनच गाडी वळवली. भाजीसुद्धा न घेता परतलो.

आता हे नाहीत. गाडीही कधीच विकली. मुलाच्या गाडीत पुढे बसते. डावं वळण आलं की अंग आपोआप सैल सोडते. पट्टा मेला मागे ओढतो!

त्या रविवारी ह्यांनी दारात इंजिन बंद केलं. सासूबाई ओट्यावरच होत्या, तरी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी झकास झालीय गं. पण इतकी वर्षं ते वळण मी मुद्दाम जोरात घेत होतो, वेडाबाई!"